लतीफबाबा जागचे उठत नाहीत

"…आणि दोन्हीकडून कुणाचं तरी नुकसानच होणार असेल, तर माणसानं बोलावं की गप्प राहावं, बाबा?"

हर्षद बोराडेनं प्रश्न विचारला आणि तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. उभाच, कारण बाबांनी त्याला अजून बस म्हटलं नव्हतं.

लतीफबाबा बारवेच्या जिन्यात बसले होते. वरून नववी पायरी, उजव्या भिंतीच्या कडेला. मांडी घातलेली, पाठ वरच्या पायरीला टेकलेली. त्यांच्या खाली आणखी पंधरा-वीस पायऱ्या, आणि मग पाणी.

"तो लोटा दे," बाबा म्हणाले.

लोटा दोन पायऱ्या खाली होता. बाबांनी जरा वाकून हात लांबवला असता तर मिळाला असता. हर्षद उतरला, लोटा उचलला, त्यांच्या हातात दिला. बाबा दोन घोट पाणी प्यायले आणि लोटा त्यांनी समोर, आपल्याच दगडाच्या कडेला ठेवला.

"बस आता. तिकडं, डाव्या अंगाला."

हर्षद बसला, पण मनातून खट्टू झाला होता.

सात वर्षं तो इथं येत होता. वडील गेले त्या साली कुणीतरी त्याला या फकिराकडे आणलं होतं, तेव्हापासून. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. तो आला की बाबा तकियातून, म्हणजे बारवेवरच्या आपल्या फकिरी खोलीतून उठून लिंबापर्यंत सामोरे यायचे, खांद्यावर हात ठेवून आत न्यायचे, चहा ठेवायचे. आज मात्र तकिया रिकामा होता. हर्षदनं हाक मारली तेव्हा बारवेतून आवाज आला होता, "इकडंच ये खाली."

पुण्याहून आठ तास गाडी हाकत आलेल्या माणसाला हे लागणारच. त्यातून हर्षद हा लगेच लागणाऱ्यांतला. एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका हुडकायचं त्याचं काम. ते काम त्याला फार चांगलं यायचं. हे त्याला स्वतःला माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नसेल त्यांना तो सांगायचा. मित्रांत तो स्वतःला बाबांचा शिष्य म्हणवून घ्यायचा. बाबांनी मात्र आजवर कुणालाच शिष्य म्हटलं नव्हतं.

"आता नीट सांग," बाबा म्हणाले. "मला समजेल असं."

"कॉम्प्युटरवर इंटरनेटची पानं उघडायला एक प्रोग्राम लागतो, बाबा. ब्राउझर म्हणतात त्याला. फॉर्म भरा, निकाल बघा, दाखला काढा, सगळं त्याच्यातूनच."

"बरं."

"तसल्या एका ब्राउझरमध्ये मला फट सापडली. लाखो लोक वापरतात तो. चोरानं बनवलेलं पान तुम्ही नुसतं उघडलं, की शेजारच्या पानावर टाकलेला तुमचा पासवर्ड त्याच्याकडे जातो. तुम्हाला काही दिसत नाही, काही कळत नाही."

"तुला सापडली?"

"मला. सगळ्यात आधी." सांगताना त्याच्या ओठांवर हसू आलंच.

"मग कुणाला सांगितलंस?"

"बनवणाऱ्या कंपनीला. त्याच संध्याकाळी, सगळ्या पुराव्यासकट. आमच्यात रीतच आहे तशी."

"चांगलं केलंस."

"त्यांनी आभार मानले. दुरुस्त करायला नव्वद दिवस मागितले. तोवर मी कुणाजवळ तोंड उघडायचं नाही. दुरुस्ती निघाली की तिच्याबरोबर माझं नाव जाहीर होणार. आधी कुठं बोललो, तर नाही होणार."

"किती दिवस झाले?"

"आज अठ्ठेचाळीस."

बाबांनी मान हलवली. वर लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. त्यांचा आवाज जिन्यात उतरत होता.

"नाव जाहीर झालं म्हंजे काय होतं?"

हर्षदला हा प्रश्न बाळबोध वाटला. तरी त्यानं उत्तर दिलं. "आमच्या कामात माणसं त्यासाठी आयुष्य घालवतात, बाबा."

"आन् बोललास तर?"

"तर सगळंच जगापुढं मांडायचं. फट कुठं आहे, कशी उघडते, सगळं. मग कंपनीची पंचाईत होते. नव्वद दिवसांचं काम आठ दिवसांत करावं लागतं. पण त्या आठ दिवसांत ती फट प्रत्येक भुरट्या चोरालाही कळते."

"आन् नाव?"

"नाव तर…" हर्षद थांबला. "नाव तेव्हाही होतंच. उलट जास्त होतं."

"म्हंजे दोन्हीकडून नाव तुझंच."

हर्षदचा चेहरा उतरला. कुणी असं बोलून गेलेलं त्याला खपत नसे. पण समोर बाबा होते.

"प्रश्न नावाचा नाही," तो म्हणाला. "लोकांचा आहे."

"कोणत्या लोकांचा?"

"वापरणाऱ्यांचा. लाखो आहेत, सांगितलं ना."

"त्यातल्या एकाचं नाव सांग."

हर्षदच्या खिशात फोन थरथरला. त्यानं बाहेर काढून पाहिलं आणि कट केला. पडद्यावर 'ताई' असं आलेलं बाबांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.

"घे की."

"नंतर घेईन."

तेवढ्यात वरून पैंजणांचा आवाज आला. गावातली द्वारकाबाई हंडा आणि कळशी घेऊन उतरत होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे बारवेचा रस्ता गावानं अजून सोडलेला नव्हता. उजवीकडे सावली होती. तीही सवयीनं उजव्या भिंतीच्या कडेनं आली.

"डाव्या अंगानं, द्वारकाबाई," बाबा म्हणाले.

"व्हय की, इसरलेच." ती तिथल्या तिथं वळली, हर्षदला ओलांडून उन्हातून खाली गेली.

हर्षदनं आपले पाय आखडून घेतले. हे त्याला अजिबात आवडलं नाही. सत्तरीची बाई, डोक्यावर हंडा. हा तगडा माणूस भर वाटेत, सावली धरून बसलाय. सरकायचं सोडून तिलाच उन्हातून फिरायला लावतो. माणसाचं वय झालं की असं होतं का? की लोक पाया पडायला लागले की होतं?

असलं काही बाबांविषयी मनात यावं, याचं त्याला वाईटही वाटलं. पण आलं ते आलंच.

"एकाचं नाव विचारलं मी," बाबा म्हणाले.

हर्षदनं खाली पाण्याकडे पाहिलं. द्वारकाबाईनं कळशी बुडवली, ती गटगट भरली.

"उज्ज्वला," तो शेवटी म्हणाला. "उज्ज्वलाताई. माझी मोठी बहीण."

हे सांगायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. आठ तासांच्या रस्त्यात त्यानं प्रश्नाची मांडणी चांगली घोळवून ठेवली होती. बोलणं बरं की मौन बरं, असा नीटस प्रश्न. त्यात ताई कुठंच नव्हती.

"ती आडगावात फॉर्म भरायचं केंद्र चालवते. एक खोली, दोन कॉम्प्युटर. नवरा गेल्यापासून त्याच्यावरच घर आहे. यंदा अकरा मुलींनी नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज तिच्याकडे भरले होते. परवा कुणीतरी त्यांच्या पासवर्डनं आत शिरलं आणि अकराच्या अकरा अर्ज मागे घेतले."

"का?"

"जागा विकणारे दलाल असतात. यादीतली नावं कमी झाली की त्यांची माणसं आत जातात."

"आन् गाव काय म्हणतं?"

"गाव म्हणतं, हिचा हात आहे. दुसरं काय म्हणणार? पासवर्ड तिच्याच खोलीत टाकले होते. एका मुलीचा बाप काल दारात उभा राहून वाटेल ते बोलून गेला. आणि एक मुक्ता सरोदे म्हणून मुलगी आहे, तांड्यापलीकडच्या वस्तीवरची. तिच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. ती सकाळपासून ताईच्या ओट्यावर बसून आहे. रडत नाही, भांडत नाही. नुसती बसून आहे, म्हणाली ताई."

"अर्ज परत घेत नाहीत?"

"घेतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मुदत आहे. पासवर्ड बाहेरून चोरीला गेला, केंद्राची चूक नाही, असं कुणा जाणकारानं लेखी द्यायला हवं."

"जाणकार कुठं मिळंल?"

जाणकार समोरच बसला होता.

त्याला ते पत्र लिहायला अर्धा तास पुरला असता. पण पत्र म्हटलं की ते टेबलावरून टेबलावर फिरणार. कोणता ब्राउझर, कशावरून, असं विचारलं जाणार. मग गोष्ट कंपनीच्या कानावर जायला कितीसा वेळ? अठ्ठेचाळीस दिवस सांभाळलेलं सगळं एका कागदापायी जाणार होतं.

हे त्यानं बाबांना सांगितलं. सांगताना आवाज हळूहळू खाली गेला.

"त्या चोरांना फट कशी सापडली?" बाबांनी विचारलं.

"सापडली असेल त्यांची त्यांना. कदाचित माझ्याही आधी."

"मग तू सगळ्यात आधी कसा?"

हर्षदनं वर पाहिलं. बाबा चिडवत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारत होते. त्यामुळे त्याला जास्तच लागलं.

"ताई काय म्हणाली तुला?"

"म्हणाली, हर्षा, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल रे. मला या मशीनचं काय कळतंय."

"ते मशीन तिला कुणी बसवून दिलं?"

"मीच. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. मीच तो ब्राउझर टाकून दिला. म्हटलं, ताई, हाच वापर, दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

"लावला तिनं?"

"नाही. मी सांगितलेलं ती मोडत नाही."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग हलक्या आवाजात विचारलं, "दुरुस्ती होईस्तोवर त्या फटीवर काहीच इलाज नाही?"

"आहे. त्यातलं एक सेटिंग बंद करायचं. नाहीतर तेवढे दिवस दुसरा ब्राउझर वापरायचा. दोन मिनिटांचं काम."

"तुझ्या ऑफिसात?"

"बंद केलं. त्याच दिवशी."

"तुझ्या घरी?"

"त्याच दिवशी."

बाबा पुढचं विचारतील म्हणून हर्षद थांबला. बाबांनी विचारलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीतल्या कोनाड्यात कुणीतरी लावलेली उदबत्ती केव्हाच विझली होती, राख तशीच उभी होती.

विचारलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर तरी देता आलं असतं.

"तिला सांगितलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं," तो आपणहून बोलू लागला. "मग तिनं शेजारच्या गावातल्या केंद्रवालीला सांगितलं असतं. तिनं तिसरीला. गोष्ट फुटली असती, बाबा. आमच्या कामात एवढासा धागा मिळाला तरी चोर सगळा गुंता सोडवतात. म्हणून तर नियम आहे. तोंड बंद ठेवायचं, ते लोकांच्याच भल्यासाठी…"

तो बोलत राहिला. नियम खरा होता, आणि तो का केला आहे हेही तो बरोबर सांगत होता. तरी जसजसा बोलत गेला तसतसं त्याचं त्यालाच ते बोलणं नकोसं झालं, आणि मध्येच कुठंतरी तो थांबला.

गावातल्या मशिदीतून दुपारची अजान ऐकू आली.

बाबा म्हणाले, "जरा इथं बस. मी नमाज पढून येतो."

"मी इथंच आहे की."

"तिथं नाही. इथं, माझ्या जागी. मी जसा उठतो तसं तू टेकायचं. मागं सरून, मांडी घालून."

ही काय तऱ्हा, असं हर्षदच्या मनात आलं. पण बाबांचा शब्द. बाबा भिंतीला धरून एकेक पाय सोडवत उठू लागले, आणि त्यांच्या शेजारून हर्षदनं अंग आत घातलं. दोन माणसांची ती अदलाबदल बघणाऱ्याला गमतीची वाटली असती. बाबांना मात्र हसू येत नव्हतं. हर्षद पुरता टेकेपर्यंत त्यांनी एक पाय दगडावरून काढलाच नाही.

मग ते डाव्या बाजूनं वर निघाले. गुडघे आखडले होते. दर दोन पायऱ्यांवर त्यांना थांबावं लागत होतं. इतका वेळ बसून होते तरी किती, असं हर्षदला वाटलं, आणि तो विचार तिथंच राहिला.

बाबा वर गेल्यावर त्यानं फोन काढला. ताईचे चार फोन येऊन गेले होते. लावावा की नाही ते ठरेना, तेव्हा फोन त्यानं पुन्हा खिशात टाकला. मांडी घालून बसायची त्याला सवय नव्हती, पायाला मुंग्या आल्या. पाय खालच्या पायरीवर सोडावेत म्हणून तो जरा पुढं सरकला.

दगड हलला.

अंगाखालचा अख्खा दगड पुढं कलला. हर्षदचे दोन्ही हात मागच्या पायरीला जाऊन चिकटले. कडेला ठेवलेला लोटा घरंगळला, पायरीपायरीवर आपटत खाली गेला आणि पाण्यात पडला. डुबुक असा आवाज झाला. मग बराच वेळ पाणी हलत राहिलं.

"सरकू नका, सायेब," खाली हंडा घासत बसलेली द्वारकाबाई म्हणाली. "मागं व्हा. मागं व्हऊन मांडी घाला. वजन मागं असलं की न्हाई हालत त्यो."

हर्षद मागं झाला. दगड पुन्हा जागेवर बसला, जणू काही झालंच नव्हतं.

द्वारकाबाई हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन डाव्या कडेनं चढत आली, त्याच्या बरोबरीच्या पायरीवर दम खायला थांबली.

"बाबा नमाजाला गेले व्हय? मग तुमी बसलाव. बरं झालं."

"हा दगड असा कधीपासून आहे?"

"सोमवारपून. बाबा पहाटं वजूला, नमाजाआधी हातपाय धुवाया, उतरले व्हते. पाय ठिवला तर डुगडुगला. तवापून हितंच हायेत. भाकर हितंच, झोपणं बी हितंच. नमाजाला तेवढं कुणी मिळालं की वर जाऊन येत्यात."

आज बुधवार होता.

"गवंडी नाही का गावात?"

"गवंडी गेलाय लेकीकडं. शुक्रवारी यील."

"तोपर्यंत बोर्ड लावायचा एखादा. नाहीतर काटे टाकायचे."

"बोर्ड कोन वाचतंय डोक्यावर हंडा असल्यावर? काटे टाकले तर पोरं बाजूला सारत्यात, शेळ्या खात्यात. मानूस बसला की त्याला कुणी सारीत न्हाई." तिनं कळशी सावरली. "लई आधीपून रीत हाये आमच्याकडं. ज्याला पयला सापडला त्यानं बसायचं. गवंडी येईस्तोर."

"आणि दगडाला नेमकं काय झालंय, ते सांगितलं का त्यांनी सगळ्यांना?"

तिनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "त्यात सांगायचं काय? बाबा बसल्यात. तिकडनं जायचं."

ती चढून गेली. पैंजणांचा आवाज वर वर जात बंद झाला.

हर्षद मागं टेकून, मांडी घालून, अंग चोरून बसला. आता त्याला बाबांचं सगळं बसणं आठवायला लागलं. लोटा मागितला तेव्हाचं, सावलीतून न सरकलेलं. आणि आपण त्यांच्याविषयी काय काय मनात आणलं तेही.

इतक्यात वरून कुणीतरी घाईनं उतरू लागलं. धनगराची बाई होती, कुठल्या लांबच्या गावची. वर तिच्या मेंढ्यांचा गलका ऐकू येत होता. कडेवर वर्षाचं मूल, त्याचे ओठ उन्हानं सुकलेले. तिची नजर खालच्या पाण्यावर होती. उजवीकडची सावली धरून ती भराभर पायऱ्या उतरत होती. आठवीवर आली. हर्षद आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती, आणि तिनं तिथंच पाय टाकायला उचलला.

"डाव्या अंगानं, बाई."

त्यानं आवाज चढवला नव्हता. तोंडातून निघून गेलं, बाबांच्याच शब्दांत.

बाईनं उचललेला पाय तिथंच वळवला. का म्हणून विचारलं नाही, त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. डाव्या कडेनं ती खाली गेली, ओंजळीनं मुलाला पाणी पाजलं, त्याचं तोंड धुतलं, स्वतः प्याली. वर येताना डाव्या कडेनंच आली. जाताना मूल तिच्या खांद्यावरून हर्षदकडे बघत होतं.

ती दिसेनाशी झाली तरी हर्षद जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

त्यानं तिला काय सांगितलं होतं? दगडाविषयी अवाक्षर नाही. कुठून सुटलाय, कुठं भार दिला की उलटतो, काही नाही. तीन शब्द सांगितले होते. ते मूल आता आईच्या खांद्यावरून मेंढ्यांमागं चाललं होतं.

ताईलाही तीन शब्द पुरले असते. सेटिंग बंद कर. तिनं का म्हणून विचारलं नसतं. आजवर कधी विचारलं होतं?

त्याला रडू आलं. तो काही रडणारा माणूस नव्हता, आणि वडिलांच्या वेळीही त्यानं सगळ्यांसमोर निभावून नेलं होतं. आता मात्र बारवेत कुणी नव्हतं. मुक्ता सरोदे नावाची, त्यानं कधी न पाहिलेली मुलगी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. अठ्ठेचाळीस दिवस त्या वाटेनं कोण कोण गेलं असेल, याचा त्यानं आज पहिल्यांदा विचार केला.

बाबा परत आले. हळूहळू, भिंत धरून, डाव्या कडेनं. नवव्या पायरीशी थांबले. त्यांनी हर्षदचे डोळे पाहिले, मग लोट्याची रिकामी जागा पाहिली.

"लोटा पडला, बाबा. माझ्यामुळं पडला."

"असू दे."

"बाबा, मघाशी मी तुमच्याविषयी नको ते मनात आणलं."

बाबांनी हात हलवला. ते त्यांच्या लेखी संपलेलं होतं.

हर्षदनं डोळे पुसले. आपल्याला काहीतरी करता येण्यासारखं आहे, या विचारानं त्याला जरा उभारी आली.

"गवंडी शुक्रवारी येणार म्हणे. तोवर मी बसतो इथं. तुमचे गुडघे बघा काय झालेत. मला सुट्टी आहे. रात्रीचाही बसेन. तुम्ही तकियात जाऊन पडा."

तो मनापासून बोलत होता. बसायला तो खरोखर तयार होता, दोन दिवस काय, चार दिवस.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत माया होती. पण त्यांनी होकार दिला नाही.

हर्षदच्या खिशात ताईचा फोन पुन्हा थरथरू लागला. या वेळी त्यानं तो कट केला नाही, आणि उचललाही नाही.

बाबांनी एक पाय दगडाच्या मागच्या कडेवर ठेवला, त्यावर भार दिला, आणि त्याला उठवायला हात पुढं केला.

"ऊठ," ते म्हणाले. "हा दगड मला सापडलाय. तुझा तिकडं मोकळा पडलाय."